बापाच्या नावापुढचा शब्द

सकाळी सात वाजल्यापासून फिदेन्सियो घरातलं तूले हुडकून हुडकून बाहेर काढत होता. आधी बैठकीतल्या सहा खुर्च्या गेल्या, कारण त्या तूलेच्या दोरानं विणलेल्या होत्या. मग भिंतीला टेकवलेल्या चटयांच्या वळकट्या, मग चूल फुंकायचा पंखा, मग भाकऱ्यांची टोपली. तळ्यातल्या त्या उंच लव्हाळ्यानं हे घर तीन पिढ्या पोसलं होतं, आणि आता ते सगळं परसात डुकराच्या खोपटाशेजारी ढीग होऊन पडलं होतं. शेवटी आईच्या खोलीपुढची चटई उचलायला तो वाकला, तेव्हा एपिफानियानं तिच्यावर पाय ठेवला.

“हिच्याबरोबर मलापण टाक परसात. डुक्कर मला ओळखतं.”

“आई, आजचा एक दिवस.”

“आजचा एक दिवस म्हणता म्हणता पंचेचाळीस वर्षांचा झालास तू.”

फिदेन्सियोनं चटई सोडून दिली. भाड्यानं आणलेल्या लोखंडी खुर्च्या अजून मांडायच्या होत्या, आणि आईशी वाद घालून जिंकलेला माणूस सान लुकास तुल्तेनांगोमध्ये अजून जन्मायचा होता.

रोसेन्दाला मागणी घालायला तोलुकाहून पाहुणे येणार होते. रोसेन्दा म्हणजे एपिफानियाचं शेंडेफळ, चोवीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. मुलगा एदमुन्दो, त्याचा बाप आमादेओ. तोलुकाच्या चौकात कमानींखाली आमादेओचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि फिदेन्सियोच्या कारखान्यातलं टेबल अन् टेबल तिथंच जायचं. त्यामुळे बहिणीचं लग्न ठरण्यात फिदेन्सियोला जो आनंद झाला होता, तो नुसत्या भावाचा नव्हता. एवढं न कळण्याइतकं घरात कुणी भोळं नव्हतं.

“दादा,” मधला भाऊ क्रिसान्तो दारातून म्हणाला. तो बस चालवायचा आणि आज रजा टाकून फक्त मजा बघायला आला होता. “गावाच्या पाटीवर ‘तुल्तेनांगो’ लिहिलंय. त्यात तूले आहे. तीपण उपटून आणू का?”

“तू तोंड बंद ठेवलंस तरी खूप मदत होईल.”

“त्याला तोंड उघडायला लागणारच नाही,” फिदेन्सियोची बायको ओफेलिया स्वयंपाकघरातून म्हणाली. ती लेर्मा शहरातली. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी आपण इथं पाहुण्या म्हणून आलो आहोत असा चेहरा तिनं टिकवून ठेवला होता. “त्याच्या अंगालाच चिखलाचा वास येतो.”

“चिखल कुठला वहिनी? तळं आटून पंधरा वर्षं झाली. राजधानीनं पाइप घालून सगळं ओढून नेलं. आता येतो तो डिझेलचा.”

पाहुणे बाराच्या ठोक्याला आले. गोड पावाच्या दोन टोपल्या, फळं, मेणबत्त्या आणि ब्रँडीची बाटली. रीतीप्रमाणे सगळं होतं, फक्त रीतीप्रमाणे ते मुलाच्या आईनं मुलीच्या आईच्या हातात द्यायचं असतं. ग्रासिएलानं ते ओफेलियाच्या हातात दिलं, कारण ओफेलियाच्या पायांत टाचांचे बूट होते.

एपिफानियानं ते पाहिलं. हात शालीखाली ठेवायला फिदेन्सियोनं तिला बजावलं होतं. तिच्या बोटांच्या पेरांवर पात्यांनी कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी जाड झाली होती. तिनं शाल बाजूला सारली आणि दोन्ही हात टेबलावर, पाहुण्यांच्या ताटांच्या मधोमध ठेवले.

जेवण चांगलं झालं. टर्कीचा मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, ओफेलियानं केला होता आणि तो उत्तम झाला होता. तिला नावं ठेवणाऱ्यांनीही दोनदा वाढून घेतला. फिदेन्सियो आमादेओच्या प्रत्येक वाक्याला हसत होता, काही वाक्यांना तर ती संपायच्या आत. एदमुन्दो गोरा, नीटनेटका मुलगा, ताटाकडे बघून जेवत होता. रोसेन्दाकडे मधूनच बघायचा आणि तिनं बघितलं की भाताकडे वळायचा. दोन वर्षं शनिवारी-रविवारी बसनं येऊन त्यानं तिच्यासाठी काढलेले तास तिला आठवत होते. ती स्वतःला सांगत होती, की बापासमोर सगळेच असे होतात.

ताटं उचलल्यावर आमादेओनं कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

“विवाह नोंदणीचा फॉर्म. आमच्या कारकुनाकडून मी भरूनच आणलाय. मुलीनं फक्त सही करायची.”

“वा शेठ! तुम्ही म्हणजे,” फिदेन्सियो म्हणाला, “दूरदृष्टी!”

रोसेन्दानं कागद घेतला. मास्तरणीच्या सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचू लागली. वधूचं नाव बरोबर होतं. जन्मगाव: सान लुकास. तेवढंच. वडिलांचं नाव: सिरिलो, हयात नाहीत. वडिलांचा धंदा: व्यापारी.

“इथं चुकलंय,” ती म्हणाली. “बाबा व्यापारी नव्हते. तूलेरो होते. तूले कापायचे आणि विणायचे.”

“चुकलेलं नाही,” आमादेओ शांतपणे म्हणाला. “मीच सांगितलं तसं लिहायला. तो कागद नोंदणी कचेरीबाहेर फळ्यावर लागतो, पोरी. आमचं गिऱ्हाईक तिथूनच जातं येतं. पत्रिकेवरही नुसतं ‘सान लुकास’ छापू. आमच्याकडे एखादा नोकर मूर्खपणा करतो ना, तर आम्ही त्याला काय म्हणतो? ‘तूलेतून आला वाटतं!’ आता असल्या शब्दाला माझ्या सुनेच्या बापाच्या नावापुढं बसवू? तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

फिदेन्सियो हसला. मग आपल्याशिवाय कुणी हसलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं, पण हसू अर्ध्यात थांबवता येईना.

“कॅलिफोर्नियातही असंच म्हणतात शेठ,” क्रिसान्तो म्हणाला. “मी चार हंगाम कापूस वेचला तिकडं. त्या जिल्ह्याचं नावच तुलारे. आपलेच लोक हा शब्द तिकडं घेऊन गेले आणि गोऱ्यांनी उचलला. ‘तूलेत राहतो’ म्हणजे आडरानात, रानटी मुलखात राहतो. आणि हिवाळ्यात धुकं पडतं त्यालाही तूलेचं धुकं म्हणतात. इतकं दाट, की ट्रकवाला स्वतःच्या दिव्यांना शोधत फिरतो. तुमची आठवण येते त्याच्यावरून.”

“क्रिसान्तो!”

“मी भूगोल सांगतोय, दादा.”

ग्रासिएला या बोलण्यात नव्हती. तिची नजर आतल्या दारापुढच्या एकुलत्या एका चटईवर गेली होती. विणीच्या कडेला जी दुहेरी घडी घातली होती, ती या बाजूला कुणी घालत नसे. ती घडी तळ्याच्या दक्षिणेला, आल्मोलोयाकडं घालतात; एपिफानियाचं माहेर तिकडचंच असणार. तिथं ग्रासिएलाची आई दिवसाला दोन चटया विणायची आणि पाच पोरी पात्यांची जुडगी भिजवून द्यायच्या. आमादेओला हे ठाऊक होतं. लग्नाच्या रात्री त्यानं तिला एकदाच विचारलं होतं, आणि तिनं ते पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही अशी अट घालून माफ केलं होतं. गेली तीस वर्षं ती तोलुकाची होती. म्हणूनच आज सून कुठली आणावी यावर तो एवढा कडक झाला होता. ग्रासिएलानं नजर वळवून ब्रँडीच्या पेल्यावर ठेवली आणि आपल्या मुलाला मनातल्या मनात सांगितलं, बोल काहीतरी.

एदमुन्दो बोलला.

“रोसेन्दा, शब्दच तर आहे एक. तुझे बाबा गेले. त्यांना काय फरक पडतो?”

रोसेन्दानं कागद टेबलावर ठेवला.

“शब्द आहे ना? मग शब्दाचं ऐका. मला प्रशिक्षण विद्यालयात एका म्हाताऱ्या सरांनी शिकवलंय. ‘तूले’ हा स्पॅनिश शब्द नाही. आपल्या जुन्या बोलीत तो ‘तोलिन’. स्पॅनिश लोकांना शेवट उच्चारता येईना, म्हणून त्यांनी तो तोडला आणि त्याचा तूले झाला. तोलिन जिथं दाट उगवतं ती जागा तोल्यान. आणि लव्हाळ्यासारखी दाट माणसं जिथं राहतात, तेही तोल्यान. म्हणजे शहर. आपल्या आधीच्या लोकांना मोठ्या शहरासाठी याहून चांगला शब्द सुचला नाही. आणि तोल्यानचा माणूस तो तोल्तेक. पुढं पुढं तोल्तेक म्हणजे कारागीर, ज्याच्या हातात कसब आहे असा. माझ्या बापाला तूलेरो म्हटलं, तर त्याला काय काय म्हटलं ते तुमच्या दुकानातल्या नोकरांना माहीत नसेल.”

“आमच्या तोलुकाचंही मग तेच असणार,” आमादेओ हसत म्हणाला. “आम्ही सगळेच राजे! झालं समाधान?”

“नाही. तोलुकाचा तूलेशी काही संबंध नाही. ते वेगळ्या शब्दावरून आलंय.” ती एदमुन्दोकडं बघत होती. “मान खाली घालणाऱ्याचं गाव.”

क्रिसान्तोनं टेबलावर थाप मारली. एदमुन्दोची मान खरोखरच खाली होती, आणि आता ती वर करावी तर बरं दिसेना, न करावी तर त्याहून वाईट.

“पुस्तकं!” आमादेओ उठायच्या बेतात म्हणाला. “मुलींना मास्तरीण करतात त्याची फळं. फिदेन्सियो, तुझ्या घरात निर्णय कोण घेतं? मला वाटलं होतं, तू घेतोस.”

हे फिदेन्सियोला लागलं. तो घामाघूम झाला होता. एका बाजूला आठवड्याची चाळीस टेबलं होती आणि दुसऱ्या बाजूला ही मास्तरीण. त्याच्या हाताशी एक दगड होता. तो मारू नये हे त्याला कळत होतं, तरी त्यानं मारला.

“मोठी आली बापाची लेक! रोसेन्दा, तुझ्या त्या विद्यालयाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांचा धंदा काय लिहिला होतास? सांग ना सगळ्यांना. मी होतो बरोबर. ‘व्यापारी’ लिहिला होतास! तुझ्या हातानं! आज शेठनी लिहिला तर अंगावर काटा येतो होय?”

ओफेलिया स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती नवऱ्याकडं अशा नजरेनं बघू लागली, की जणू त्यानं पाहुण्यांसमोर आईचं लुगडं फेडलं होतं.

“हे तुम्ही बोलायला नको होतं,” ती म्हणाली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं चारचौघांत त्याच्याविरुद्ध शब्द काढला. “सोळा वर्षांची पोर होती ती.”

“तू मध्ये पडू नकोस!”

“मोले मी रांधलाय. मध्ये आहेच मी.”

रोसेन्दा पांढरीफटक पडली होती.

“खरं आहे,” ती म्हणाली. “लिहिलं होतं. वर्गात तोलुकाच्या मुली होत्या. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, तुमच्याकडं बेडूक पण भाजून खातात का. त्या फॉर्मवर बाबांचा अंगठा लागणार होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, इथं माझ्याबद्दल काय लिहिलंयस. मी म्हटलं, तुम्ही जे आहात ते.” तिनं कागद पुन्हा आपल्यापुढं ओढला. “हे आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून पुन्हा नाही लिहिणार. एकदा झालं तेवढं पुरे.”

तिनं आमादेओच्याच खिशाला लावलेलं पेन हात पुढं करून मागितलं. तो इतका चकित झाला की त्यानं ते दिलं. तिनं ‘व्यापारी’ वर दोन रेघा मारल्या, वर ‘तूलेरो’ लिहिलं, ‘सान लुकास’पुढं ‘तुल्तेनांगो’ लिहिलं, खाली सही केली आणि कागद एदमुन्दोपुढं सरकवला.

“आता तुझी सही.”

एदमुन्दोनं कागदाकडं पाहिलं. मग बापाकडं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते प्रेम नव्हतं असं म्हणणं अन्याय होईल. प्रेम होतं, पण जेवढं बसच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांना पुरतं तेवढंच.

“खाडाखोड झाली,” तो म्हणाला. “असा फॉर्म ते घेणार नाहीत.”

एपिफानिया तेव्हा हसली. मोठ्यानं, खळखळून, तोंडावर हात न ठेवता.

“घ्या! सगळे शहाणे. एक म्हणतो चिखल, एक म्हणते राजांचं शहर. अरे, मी चाळीस वर्षं ते कापलं. छातीभर पाण्यात, जानेवारीच्या गारठ्यात. रुंद पात्याचं चटईला, गोल देठाचं खुर्चीला, आणि कोवळा कोंब सोलून तोंडात टाकायला. तुमच्या बापजाद्यांनी ते खाऊन दुष्काळ काढले. माणूस मेला की त्याच चटईत गुंडाळायचे, म्हणून अजून म्हणतात ना, अमका चटईत गेला. लाज वाटून घ्यायला आणि मिरवायला तुम्हाला वेळ आहे. आम्हाला नव्हता.” तिनं आमादेओकडं वळून पाहिलं. “शेठ, पावाच्या टोपल्या घेऊन जा. फळं राहू देत, तुमच्या गाडीत पिचतील.”

आमादेओ उठला. जाता जाता तो फिदेन्सियोला म्हणाला, “सोमवारचा ट्रक पाठवू नकोस.” फिदेन्सियो त्याच्या मागं अंगणापर्यंत गेला, काहीबाही बोलत, टोपी हातात घेऊन. एदमुन्दोनं दारात एकदा वळून रोसेन्दाला हाक मारली, पण ती भांडी उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

ग्रासिएला सगळ्यांत शेवटी निघाली. पावाची टोपली घ्यायच्या निमित्तानं ती आतल्या दाराशी रेंगाळली आणि वाकून तिनं चटईच्या कडेवरून बोट फिरवलं.

“ही उन्हात वाळवली नाहीत,” ती हळूच म्हणाली.

“सावलीत,” एपिफानिया म्हणाली. “उन्हात कड मोडते.”

“हो. मोडते.”

एपिफानियानं तिच्या अंगठ्याकडं पाहिलं. नखावर लाल रंग होता, पण खालचं नख वाजवीपेक्षा जाड होतं.

“कुठल्या तुम्ही?”

“तोलुकाची,” ग्रासिएला म्हणाली आणि बाहेर गेली.

मोटार धूळ उडवत निघून गेली. फिदेन्सियो परत येऊन बसला आणि त्यानं उरलेला मोले ताटात ओढून घेतला. क्रिसान्तोनं परसातून तूलेच्या खुर्च्या आत आणल्या. त्यातल्या दोन खुर्च्यांवर डुकरानं शिंतोडे उडवले होते, त्या पुसत तो म्हणाला, “दादा, बूड टेकव इथं. लोखंडाची खुर्ची संध्याकाळी परत द्यायचीय.” फिदेन्सियो उठला नाही. पुढं दोन महिने तो रोसेन्दाशी बोलला नाही, आणि टेबलं विकायला पहिल्यांदाच राजधानीच्या बाजारापर्यंत गेला. तिथं ती जास्त खपली. ते त्यानं घरात कधी कबूल केलं नाही.

रोसेन्दा मागच्या अंगणात हौदावर भांडी घासत होती. एपिफानिया तिच्याशेजारी दगडावर येऊन बसली.

“त्याला ठाऊक होतं,” एपिफानिया म्हणाली.

“कुणाला?”

“तुझ्या बापाला. फॉर्मचं. अंगठा लावायच्या आधी तो चर्चच्या सेवकाकडं गेला आणि वाचून घेऊन आला.”

रोसेन्दाचा हात थांबला.

“घरी येऊन मला विचारलं, ‘व्यापारी म्हणजे कोण गं?’ मी म्हटलं, दुसऱ्यानं केलेलं विकतो तो. म्हणाला, ‘मग मी तो नव्हे.’ मी म्हटलं, जा, पोरीला झाप. तर म्हणाला, ‘झापून काय? तिला तिथं चार वर्षं काढायचीत. मला नाही.’ आणि मग तुझ्यापुढं येऊन बसला आणि विचारलं, काय लिहिलंयस म्हणून. तू काय सांगतेस ते त्याला ऐकायचं होतं.”

“आणि मी सांगितलं, तुम्ही जे आहात ते.”

“हो. त्या रात्री जेवताना म्हणाला, ‘पोरगी खोटं बोलते, पण किती चांगलं बोलते बघ.’ आणि हसला. मला तेव्हा त्याचा राग आला होता.” एपिफानियानं ओल्या हौदावरून एक ताट उचललं, उजेडात धरून बघितलं आणि परत तिच्यापुढं ठेवलं. “हे नीट घास. कडेला मोले राहिलाय.”

रोसेन्दानं ताट घेतलं आणि घासू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही; हात साबणाचे होते.